व्रण आणि व्रणित : शस्त्रकर्मानंतरच्या उपासनेविषयीं कांहीं टांचणें

आपल्या प्राचीन शल्यतंत्राविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्याचा बराचसा भाग यंत्रशस्त्रांच्या नामावळींनीं व्यापलेला आहे. यंत्रें एकशें एक, शस्त्रें वीस, ही गणती सर्वांस पाठ आहे. नाक जोडण्याच्या विद्येचा अभिमानही योग्य प्रसंगीं, व कधीं कधीं अयोग्य प्रसंगींही, मिरविला जातो. परंतु शस्त्र खालीं ठेवल्यावर वैद्य काय करीत असे, रोग्यास कोठें निजवीत, त्याच्याजवळ कोण बसे, पट्टी कोणत्या दिवशीं सोडीत, आणि रोग्यास ताप, धाप किंवा उचकी लागली म्हणजे त्याचा अर्थ काय लावीत, ह्या प्रश्नांपाशीं लेखकांची लेखणी थबकते. आमच्या मतें सुश्रुतसंहितेंतील शल्यविद्येचा गाभा ह्या वगळलेल्या भागांतच आहे. तो भाग मूळ ग्रंथावरून दाखवावा, आणि सतराव्या व अठराव्या शतकांत दक्षिणेंत झालेल्या नासासंधानाच्या ज्या हकीकती उपलब्ध आहेत त्यांच्याशीं तो ताडून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द. सुश्रुतसंहिता कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं १८३५-३६ सालीं छापून प्रसिद्ध केली. आज सर्वत्र वापरांत असलेली प्रत यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं डल्हणाच्या निबंधसंग्रह टीकेसह मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून काढलेली; तिची पहिली आवृत्ति १९१५ ची व पुढील सुधारलेली १९३८ ची. डल्हण हा बाराव्या शतकाच्या सुमाराचा; तेव्हां आपण वाचतों तो पाठ बव्हंशीं त्याच्या काळीं रूढ झालेला पाठ होय. त्याहून पुष्कळ जुना पाठ काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांतील ताडपत्रांच्या पोथींत राहिला आहे. ती पोथी इ. स. ८७८ मध्यें लिहिलेली असून २०१३ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहींत तिचा समावेश झाला. छापील पाठांत अध्यायारंभीं भगवान् धन्वंतरीच्या उपदेशाचा जो निर्देश येतो तो नेपाळी पोथ्यांत नाहीं. ग्रंथाच्या नित्य परिचयाच्या वाक्यासंबंधानेंही अशी स्थिति असेल, तर ज्यांच्या संग्रहीं ह्या ग्रंथाचीं सुटीं पानें आहेत त्यांनीं तीं छापील प्रतीशीं अक्षरशः लावून पाहिल्यावांचून बाजूस ठेवूं नयेत. ग्रंथाच्या कालाचा वाद मोठा आहे. त्यांत येथें शिरत नाहीं.

सूत्रस्थानाचा पांचवा अध्याय अग्रोपहरणीय ह्या नांवाचा आहे. त्यांत कर्माचे तीन विभाग केले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म. शस्त्राचा व्यापार मधल्या एका विभागापुरता आहे, ही गोष्ट ह्या नांवांवरूनच ध्यानांत येते. अगोदर जमवून ठेवण्याच्या सामग्रींत शस्त्रांच्या जोडीनें कापूस, फडकीं, दोरा, मध, तूप, दूध, तेल, काढे, लेप, पंखा, गार व ऊन पाणी आणि कढया हीं सांगितलीं आहेत. व त्यांच्याच पंक्तीस प्रेमळ, स्थिर आणि बळकट असे परिचारक येऊन बसतात. माणसांस कढयांच्या रांगेंत बसविल्याचें कोणास नवल वाटेल. आम्हांस मात्र ह्यांत ग्रंथकाराचा व्यवहारीपणा दिसतो : परिचारक हजर नसेल तर शस्त्र हातीं घेऊं नये, असा त्याचा अर्थ. रोग्यास हलकें जेवण घालून बसवावें, पण मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर व मुखरोग ह्यांत तो उपाशीं असावा, असाही भेद तेथें केला आहे. सतराव्या अध्यायांत कर्मापूर्वीं अन्न व तीक्ष्ण मद्य देण्याचें जें सांगितलें आहे, तें रोग्यास मूर्च्छा येऊं नये व शस्त्राची वेदना कळूं नये म्हणून.

छेद झाल्यावर प्रथम काय करावयाचें? गार पाणी शिंपडून रोग्यास धीर द्यावयाचा. मग व्रणाभोंवतीं बोटानें दाबून, काढ्यानें धुऊन, फडक्यानें पाणी टिपून, तिळाचा कल्क, मध व तूप यांनीं माखलेली वात आंत ठेवावयाची. वर कल्क, त्यावर जाड घडी आणि मग पट्टी. गुग्गुळ, अगरु, राळ, वेखंड व पांढरी मोहरी यांचें चूर्ण मीठ, निंबाचीं पानें व तूप घालून त्याची धुरी द्यावयाची, रक्षाविधि करावयाचा, आणि त्यानंतर रोग्यास त्याच्यासाठीं नेमलेल्या घरांत न्यावयाचें. पट्टी तिसऱ्या दिवशीं सोडावी. उतावीळ होऊन दुसऱ्या दिवशीं सोडल्यास व्रणास गांठी येतात, तो उशिरां भरतो व ठणकाही फार लागतो. हा नियम हेमंत, शिशिर व वसंत ऋतूंचा. शरद, ग्रीष्म व वर्षा ह्या ऋतूंत मात्र दुसऱ्या दिवशीं सोडावी असा अपवाद जोडला आहे. आणि रोग त्वरेचा असेल तर हा कोणताच विधि पाहूं नये, घर पेटलें असतां मनुष्य जसें करतो तसें झटपट करावें, अशी मोकळीकही दिली आहे. वेदना असह्य झाल्यास ज्येष्ठमध घातलेल्या कोमट तुपाचें सिंचन करावें. आंत दोष राहिला असतां व्रण वरून बुजूं देऊं नये, हा इशारा याच अध्यायांत आहे. शस्त्रवैद्यांस आजही ह्याहून निराळा इशारा द्यावा लागत नाहीं.

परिचर्येचा मुख्य अध्याय पुढें एकोणिसावा, व्रणितोपासनीय नांवाचा, आहे. नांवाकडेच पाहावें. व्रणोपासनीय असें नांव ठेवलेलें नाहीं; उपासना व्रणिताची, जखमेच्या धन्याची आहे. पहिलेंच विधान घराविषयीं : तें स्वच्छ असावें, त्यांत ऊन व वारा यांचा मारा नसावा. बिछाना अडचणीचा नसून ऐसपैस, नीट अंथरलेला व मनास रुचेल असा असावा, त्याचें डोकें पूर्वेस असावें, व जवळ शस्त्र ठेवावें. गोड बोलणारे मित्र भोंवतीं असावे; त्यांनीं गोष्टी सांगून वेदनेवरून रोग्याचें मन काढावें. दिवसां निजूं देऊं नये, कारण त्यानें खाज, जडपणा, सूज, ठणका, लाली व स्राव वाढतात. उठणें, बसणें, कूस वळणें, चालणें, मोठ्यानें बोलणें ह्या प्रत्येकांत व्रण जपावा. नखें व केंस कापलेले असावे, वस्त्र शुभ्र असावें. नवें धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, आंबट, खारट व तिखट पदार्थ, दहीं, दूध, ताक, नाना प्रकारचीं मद्यें वर्ज्य. जुन्या साळीचा मऊ ऊन भात, मुगाचें कढण, तांदुळजा, पडवळ, कारलें, डाळिंब, आंवळा, सैंधव व उकळलेलें पाणी हें पथ्य. वर्ज्य गोष्टींच्या यादींत धूळ, धूर, दंव, जागरण यांच्याबरोबर माश्यांचा उपद्रवही नमूद केला आहे. माशी व्रणावर बसून किडे टाकते व त्यांनीं खाल्लें असतां दारुण सूज येते, हें चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायांत स्वतंत्रपणें सांगितलें आहे. तेव्हां माशी हांकण्याची सूचना केवळ रोग्याच्या सुखासाठीं नव्हे.

याच अध्यायांत रक्तमांसाच्या लोभानें व्रणिताकडे येणाऱ्या निशाचरांचें वर्णन आहे. त्यांच्या निवारणार्थ वेदमंत्र सांगितले आहेत, आणि मोहरी, निंबपत्र, तूप व मीठ यांची धुरी दिवसांतून दोन वेळां दहा दिवस न चुकतां द्यावी असा विधि आहे. ह्या ठिकाणीं आमचे विद्वान् दोन तटांत विभागले जातात. एक तट हा सर्व भाग भोळसटपणा म्हणून गाळून टाकतो. दुसरा तट निशाचर म्हणजे जंतु असें समीकरण मांडून सुश्रुताच्या हातीं सूक्ष्मदर्शक यंत्र देतो. दोन्ही रीति संशोधनाच्या नव्हेत. ग्रंथकार निशाचर म्हणतो तेव्हां त्यास निशाचरच अभिप्रेत आहेत. पशुपति, कुबेर व कुमार यांचे ते अनुचर होत असें तो सांगतो, आणि जंतूंस असे धनी कोणी दिल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु मूळ निरीक्षण खरें आहे. शस्त्रकर्म उत्तम होऊनही, पुढील दहा दिवसांत, बाहेरून कांहीं तरी येतें व रोग्यास नेतें, हें ह्या वैद्यांनीं पाहिलें होतें. त्याचें कारण त्यांस ठाऊक नव्हतें. मुदत मात्र ठाऊक होती. चिकित्सास्थानांत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांतील अखेरचे दोन आहार व रक्षाविधान हे आहेत, हेंही येथें लक्षांत घ्यावें.

आतां ज्या स्थळासाठीं हा लेख लिहावयास घेतला तें स्थळ. चिकित्सास्थानाच्या त्याच पहिल्या अध्यायाच्या शेवटीं उपद्रवांचे दोन वर्ग केले आहेत. गंध, वर्ण, स्राव, वेदना व आकृति ह्यांचे पांच विकार हे व्रणाचे उपद्रव. ज्वर, अतिसार, मूर्च्छा, उचकी, वांति, अरुचि, श्वास, खोकला, अपचन व तहान हे दहा व्रणिताचे उपद्रव. दोन ओळींचें हें स्थळ आहे, व वाचणारा त्यावरून सहज पुढें जातो. परंतु त्यांतील भेद फार मोलाचा आहे. पहिले पांच पट्टी सोडल्यावर दिसतात; दुसरे दहा पट्टी न सोडतां, रोग्याजवळ बसून राहिल्यानें दिसतात. व्रण उत्तम भरत असतां व्रणित मरूं शकतो, हें ज्यानें पाहिलें त्यालाच असे दोन वर्ग करण्याची गरज भासेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत व्रणाचे सोळा उपद्रव आहेत. त्यांत विसर्प, पक्षाघात, अपतानक, हनुग्रह, मोह, उन्माद, कंप हे येतात. जबडा बसणें व शरीर धनुष्यासारखें ताठणें हीं जखमेच्या मागून येतात हें त्या यादीवरून स्पष्ट आहे. यादी लांब आहे, पण व्रण व व्रणित असे वर्ग तींत नाहींत. चरक कायचिकित्सेचा, सुश्रुत शल्याचा. शस्त्र चालविणाऱ्यालाच हा भेद अधिक टोंचला असावा.

केवळ यादी करून ग्रंथकार थांबलेला नाहीं. जलोदराचें उदाहरण पाहावें. पोटांत साचलेलें पाणी एका वेळीं सर्व काढूं नये. काढल्यास तहान, ज्वर, अंग मोडणें, अतिसार, श्वास, खोकला व पायांची आग होते. म्हणून तिसरा, चवथा, पांचवा, सहावा, आठवा, दहावा, बारावा, सोळावा अशा दिवसांच्या अंतरानें थोडें थोडें काढावें, आणि प्रत्येक वेळीं लोंकरीच्या, रेशमी वस्त्रानें किंवा चामड्यानें पोट घट्ट आंवळावें. पुढें सहा महिने दुधावर किंवा जांगल मांसरसावर, तीन महिने पाणी घातलेल्या दुधावर, उरलेले तीन महिने हलक्या अन्नावर ठेवावें. एका वर्षानें तो निरोगी होतो. पोटांतील पुष्कळसें पाणी एकाएकीं काढल्यास रक्ताभिसरण ढासळतें हें आजच्या वैद्यकासही मान्य आहे, व त्यावर शिरेवाटे रक्तांतील प्रथिनांचा द्रव देण्याचा प्रघात आहे. प्राचीनांस रक्ताभिसरणाची कल्पना नव्हती; परिणाम मात्र त्यांनीं पुरता टिपला होता.

मुतखड्याचें प्रकरण याहून बोलकें आहे. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यु निश्चित, केल्यास संशय. म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच हात घालावा, असें तेथें सांगितलें आहे. खडा निघाल्यावर रोग्यास ऊन पाण्याच्या द्रोणींत बसवावयाचें, तें बस्तींत रक्त सांचूं नये म्हणून. सांचलेंच तर क्षीरवृक्षांचा काढा नळीनें आंत सोडावयाचा. तीन दिवस तूप घातलेली ऊन यवागू, पुढें दहा दिवस गूळ घातलेल्या दुधाबरोबर थोडा मऊ भात. सात रात्रींनंतरही मूत्र स्वमार्गानें न गेल्यास व्रणास डाग द्यावा. आणि वर्षभर घोडा, हत्ती, रथ, झाड, डोंगर यांवर चढूं नये, पाण्यांत पोहूं नये. शल्य ओढून काढण्याच्या वर्णनापेक्षां हें दिवसांचें वेळापत्रक ग्रंथकारानें कमी काळजीनें लिहिलेलें नाहीं. आंतडें फाटलें असतां काळ्या मुंग्या डसवून त्यांचीं डोकीं तशींच ठेवण्याची युक्ति सर्वश्रुत आहे. त्या युक्तीनंतर रोग्यास निवाऱ्याच्या घरांत ठेवून तेलाच्या किंवा तुपाच्या द्रोणींत बसवावें व दुधावर ठेवावें, हें पुढचें वाक्य आमच्या लेखकांनीं बहुधा सोडून दिलेलें आढळतें.

येथें अर्वाचीन संशोधनाकडे थोडें वळणें अवश्य आहे. एरवीं व्रण व व्रणित हा भेद टीकाकारी पांडित्याचा एक नमुना ठरेल. युरोप-अमेरिकेंत १८४६ मध्यें ईथरची भूल आली, १८६७ मध्यें लिस्टरनें जखमा निर्जंतुक राखण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली, आणि व्रणाचे उपद्रव पुष्कळ आटोक्यांत आले. व्रणिताचे मागें राहिले. शस्त्रगृहास लागून असलेल्या लहान खोल्यांत रोग्यास पहिला धक्का ओसरेपर्यंत ठेवण्याची चाल फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८६३ सालीं नोंदली आहे. पुढें १९५२ मध्यें कोपनहेगन शहरांत बालपक्षाघाताची भयंकर सांथ आली, तेव्हां ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्यानें रोग्यांच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रात्रंदिवस हातांनीं पिशव्या दाबून त्यांचा श्वास चालता ठेवला. दुसऱ्याच वर्षीं त्याच शहरांत, जिवावर बेतलेल्या सर्व प्रकारच्या रोग्यांसाठीं एक दालन इब्सेननें उघडलें. आज ज्यास अतिदक्षता विभाग म्हणतात त्याचा उगम हा असा, रोग्याजवळ बसून राहण्यांत आहे.

ह्या विषयावरील दोन पाहण्या आमच्या मुद्द्यास फार जवळच्या आहेत. अमेरिकेंतील ८४,७३० शस्त्ररोग्यांच्या पाहणीचा वृत्तांत २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत अधिक, म्हणजे शेंकडा ६·९, व ज्यांत सर्वांत कमी, म्हणजे शेंकडा ३·५ होतें, त्या दोहोंत उपद्रवांचें प्रमाण जवळजवळ सारखेंच, अनुक्रमें शेंकडा २४·६ व २६·९ आढळलें. फरक पडला तो उपद्रव उद्भवल्यानंतर : मोठा उपद्रव झालेल्यांपैकीं एका ठिकाणीं शेंकडा २१·४ दगावले, दुसऱ्या ठिकाणीं १२·५. म्हणजे सुरी सर्वत्र सारखीच चालली होती. मागाहूनची जाग सारखी नव्हती. दुसरी पाहणी युरोपांतील २८ देशांची, २०१२ सालीं प्रसिद्ध झालेली. तींतील ४६,५३९ रोग्यांपैकीं शेंकडा ४ रुग्णालयांतच वारले, आणि वारलेल्यांपैकीं शेंकडा ७३ रोग्यांस अतिदक्षता विभागांत एकदांही नेण्यांत आलें नव्हतें.

ह्यावरून सुश्रुताचें व्रणितागार म्हणजेच अतिदक्षता विभाग होता असें कोणी म्हणूं लागल्यास आम्ही त्याच्या बाजूस नाहीं. त्या घरांत श्वास चालविण्याचें साधन नव्हतें, शिरेवाटे द्रव देण्याची सोय नव्हती. फार रक्त गेलेल्या रोग्यास हरिण, मेंढा इत्यादि पशूंचें रक्त प्यावयास देण्यापलीकडे त्यांची मजल गेलेली नव्हती. साम्य आहे तें कर्तव्याच्या वांटणींत. पश्चात्कर्म हें शस्त्र चालविणाऱ्याचेंच काम आहे, तें दुसऱ्यावर ढकलावयाचें नाहीं, हें ग्रंथानें मानलें होतें.

मग ग्रंथांतील हें पश्चात्कर्म आमच्या देशीं प्रत्यक्ष व्यवहारांत किती टिकलें? ह्याचा एकच दिनवार दाखला आम्हांस ठाऊक आहे, व तो पुण्याचा आहे. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत बी. एल्. ह्या आद्याक्षरांनीं एक पत्र छापलें गेलें. इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक इसम टिपूच्या हातीं सांपडला. टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडला. वर्षभर तो तसाच राहिला, व पुढें पुण्याजवळच्या एका मनुष्यानें त्यास नवें नाक बसवून दिलें. नांव पारशी दिसत असलें तरी पत्रांत त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हटलें आहे. मूळचें कांहीं मराठी नांव इंग्रजी कानानें असें ऐकलें असावें असा आमचा तर्क आहे. नाक बसविणारा वीटभट्टीवाल्यांच्या जातीचा होता असें पत्र सांगतें. आपल्याकडे त्याचा कुंभार झाला आहे, आणि कुंभार विटाही भाजतात, म्हणून त्यांत विशेष विसंगति नाहीं. असा प्रयोग स्वतः पाहिलेले म्हणून मुंबई इलाख्यांतील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले ह्या दोन इंग्रज वैद्यांचीं नांवें दिलीं आहेत. दुसरें नांव छापांत ट्रिंडले असें चुकून पडलें आहे. जेम्स वेल्स ह्या चित्रकारानें १७९४ च्या जानेवारींत कावसजीची तसबीर काढली. पुढें १८१४ सालीं कार्प्यू ह्या शस्त्रवैद्यानें लंडनमध्यें हाच प्रयोग केला व १८१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला, ही कथा सुपरिचित आहे.

पत्रांतील कृति अशी. मेणाचा पातळ पत्रा थोटकावर बसवून नाकाचा आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवून रेघ ओढावयाची, व तेवढें कातडें सोडवावयाचें. मात्र दोन भिंवयांमधील एक पट्टी जोडलेली ठेवावयाची. थोटकाची कड तासून, भोंवतीं चीर पाडून, कातडें पीळ देऊन खालीं आणावयाचें व चिरेंत बसवावयाचें. मग कात पाण्यांत कालवून तो फडक्याच्या पट्ट्यांवर पसरावयाचा व अशा पांचसहा पट्ट्या एकीवर एक लावावयाच्या. चार दिवस दुसरें कांहीं नाहीं. नंतर तुपांत भिजविलेलीं फडकीं. पांचसहा दिवस रोग्यास उताणें निजवून ठेवावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मोकळ्या राहाव्या म्हणून मऊ कापडाच्या गुंडाळ्या आंत घालावयाच्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी छेदून नाकास डौल आणावयाचा.

सुश्रुताच्या सूत्रस्थानांत, सोळाव्या अध्यायांत, मेणाऐवजीं झाडाचें पान आहे, कपाळाऐवजीं गालाचें कातडें आहे, पुड्यांत आरंभापासून दोन नळ्या आहेत. वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांची पूड, पांढरा कापूस आणि वारंवार तिळाच्या तेलाचें सिंचन आहे. आणि रोग्यास तूप पाजून पुढें विरेचन द्यावयाचें आहे. वाग्भटही अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत गालच सांगतो. तेव्हां पुण्याचा प्रयोग ग्रंथावरून चालत आला असें सरळ विधान करतां येत नाहीं. उलट कपाळाच्या कातड्याची रीत दक्षिणेंत त्यापूर्वीं निदान शंभर वर्षें चालू होती, ह्यास स्वतंत्र पुरावा आहे. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा प्रवासी मोगलांच्या विजापूरशीं झालेल्या युद्धाच्या प्रसंगानें लिहितो कीं, नाकें कापलेल्या लोकांस तद्देशीय शस्त्रवैद्य भिंवयांवरील कातडें सोडवून, पीळ देऊन, नाकावर आणून बसवीत. श्वासासाठीं खालीं कांहीं आधार ठेवीत. जखम लवकर भरे. नाक ओबडधोबड होई, व भिंवयांमध्यें पिळामुळें एक लहान भोंक राही. असे पुष्कळ लोक त्यानें स्वतः पाहिले होते. भोंक राही ह्यावरून विजापूरकडील लोक जोडपट्टी पुढें छेदीत नसावेत असें आम्हांस वाटतें. तें खरें असल्यास पुण्याचा पंचविसावा दिवस ही मधल्या शतकांत झालेली सुधारणा होय, आणि तिचें श्रेय कोणा ग्रंथकाराचें नसून वीटभट्टीवाल्याचें आहे.

हात अशा रीतीनें कारागिरांकडे गेला. ग्रंथ वैद्यांकडे राहिला. तरी पश्चात्कर्मांत दोहोंचा एक सांधा दिसतो. पट्टीस चार दिवस हात लावावयाचा नाहीं, ही पुण्याची शिस्त व दुसऱ्या दिवशीं पट्टी सोडूं नये हा सुश्रुताचा निषेध एकाच अनुभवाच्या पोटीं जन्मलेले आहेत. तोच निषेध वाग्भटानें सूत्रस्थानाच्या शस्त्रकर्मविधि अध्यायांत ठेवला आहे, आणि महाराष्ट्रांतील वैद्य पिढ्यान् पिढ्या वाचीत आले तो ग्रंथ सुश्रुतापेक्षां वाग्भटाचा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें त्यावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं तो अरुणदत्ताच्या टीकेसह मुंबईस छापविला. वैद्याच्या घरचा नियम कुंभारवाड्यांत कानोकानीं पोंचला असणें अशक्य नाहीं. पण त्यास लेखी पुरावा लागेल.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पुण्याच्या पत्रांत कात, तूप, दिवस, पट्टी, पुड्या हें सर्व आहे. परंतु उताणें निजविण्यापलीकडे कावसजीविषयीं कांहीं नाहीं. त्यास ताप आला कां, तो काय जेवत होता, रात्रीं त्याजवळ कोण बसलें होतें, अशा प्रयोगांत कोणी दगावत असे कां, ह्यांपैकीं एकही गोष्ट पत्रलेखकानें विचारलेली दिसत नाहीं. ती हकीकत व्रणाची आहे, व्रणिताची नव्हे. वीटभट्टीवाल्यानें ती बाजू सोडली होती म्हणून तसें झालें, कीं पाहणाऱ्या इंग्रजांची दृष्टि नाकावरच खिळली होती म्हणून, हें त्या एका पत्रावरून ठरवितां येणार नाहीं. आमचा कौल दुसऱ्या पक्षास आहे. कारण ज्याच्या हाताला पंचवीस दिवसांचा हिशोब ठाऊक होता, त्याच्या घरीं पथ्याचा हिशोब नसेल असें मानणें कठीण आहे.

ह्या प्रश्नाचा निकाल पोथ्यांवरच लागेल. भांडारकर संस्थेच्या संग्रहांतील वैद्यक पोथ्यांची वर्णनात्मक सूचि १९३९ सालीं प्रसिद्ध झाली; तिच्यामुळें ग्रंथांचा शोध सुकर झाला आहे. परंतु आम्हांस हवीं तीं टांचणें ग्रंथांच्या मुख्य पानांवर सांपडण्याचा संभव थोडा. तीं वैद्यांच्या बाडांच्या कोऱ्या पृष्ठांवर, मलपृष्ठांवर, औषधांच्या याद्यांच्या पाठीमागें, मोडींत लिहिलेलीं असावयाचीं. पेशवे सरकार जखमी लोकांस व कामास आलेल्यांच्या मुलांस जें देत असे त्याचीं कागदपत्रें अभ्यासकांच्या परिचयाचीं आहेत. पण जखमी मनुष्य देणगी घेण्यास हजर होईपर्यंत त्यास कोणी व कसें जगविलें, ह्या दृष्टीनें ते कागद अद्याप वाचले गेलेले नाहींत. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं जखमेवरील पट्टी कितव्या दिवशीं सोडली, काताचा, तुपाचा किंवा धुरीचा उल्लेख आहे कां, पथ्य किती दिवसांचें सांगितलें आहे, आणि ताप, धाप, उचकी, दांतखीळ ह्यांपैकीं कशाचें नांव आलें आहे, एवढ्या चार गोष्टी पाहाव्या, व मूळ ओळी जशाच्या तशा, बाडाचा कागद, अक्षर व मिति यांच्या वर्णनासह, ह्या त्रैमासिकाकडे पाठवाव्या.